एकच शब्द, कधी नाम कधी क्रियापद : इंग्रजी लिहिताना आपण नेमके कुठे अडतो?

बोरू_आणि_टाक (धागालेखिका) :

मराठी माणसांनी इंग्रजीत लिहिलेले अहवाल, अर्ज, शोधनिबंध तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. काळ, आर्टिकल, स्पेलिंग यांत प्रत्येकाच्या चुका वेगवेगळ्या असतात. पण एका ठिकाणी उत्तम इंग्रजी लिहिणारेही हमखास अडतात. ते ठिकाण म्हणजे नाम आणि क्रियापद यांच्यामधली हद्द. त्यावर निवांत बोलावं म्हणून हा धागा.

एक वाक्य घेऊ : 'वी डिस्कस्ड अबाउट द रिपोर्ट.' यातलं 'अबाउट' काढावं लागतं. 'डिस्कस' हे क्रियापद आहे, ते कर्म थेट घेतं : 'वी डिस्कस्ड द रिपोर्ट.' 'डिस्कशन' हे नाम. नामाला कर्म घेता येत नाही, म्हणून मध्ये प्रेपोझिशन लागतं : 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द रिपोर्ट.' लिहिणाऱ्याच्या मनात 'अहवालाबद्दल चर्चा केली' हे नामाचं वाक्य असतं आणि कागदावर क्रियापद उतरतं. 'बद्दल' मात्र सुटत नाही.

माझ्या मते याचं मूळ आपल्या 'करणे'त आहे. मराठी बोलताना आपण कोणताही इंग्रजी शब्द उचलतो आणि पुढे 'करणे' लावतो. मेसेज करणे, मॅनेज करणे, अ‍ॅडजस्ट करणे, कम्प्लेंट करणे. यातलं 'मॅनेज', 'अ‍ॅडजस्ट' हे इंग्रजीत क्रियापद, 'कम्प्लेंट' हे नाम, 'मेसेज' दोन्ही. आपल्याला फरक पडत नाही. 'डिस्कस केलं'ही चालतं आणि 'डिस्कशन केलं'ही. काळ, लिंग, वचन सगळं 'करणे' सांभाळतं, त्यामुळे तो इंग्रजी शब्द मुळात कोण आहे हे बघायची वेळच येत नाही. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र पहिल्याच ओळीत ती वेळ येते.

मला रोज दिसणाऱ्या जोड्या देते. 'एम्फसाइझ द पॉइंट', पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'रिक्वेस्ट लीव्ह', पण 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'डिमांड अ‍ॅन अपॉलॉजी', पण 'अ डिमांड फॉर अ‍ॅन अपॉलॉजी'. 'व्हिजिट द म्यूझियम', पण 'अ व्हिजिट टू द म्यूझियम'. 'इन्व्हेस्टिगेट द केस', पण 'अ‍ॅन इन्व्हेस्टिगेशन इन्टू द केस'. 'अ‍ॅप्रोच द प्रॉब्लेम', पण 'अ‍ॅन अ‍ॅप्रोच टू द प्रॉब्लेम'. 'लॅक' तर दोन्ही रूपांत तसंच दिसतं : 'दे लॅक मनी' आणि 'द लॅक ऑफ मनी'. 'दे लॅक ऑफ मनी' असं लिहिलेलं मी इतक्यांदा खोडलं आहे की हात आपोआप तिकडे जातो.

तुमचे अनुभव, शंका लिहा. उच्चार, स्पेलिंग, इतिहास, सगळं चालेल.

*

चांदणवेल :

वाचनखूण साठवली! ताई, एक शंका. नामाला प्रेपोझिशन लागतं हे कळलं. पण कोणतं लागतं, हे कसं ठरवायचं? कुठे 'ऑन', कुठे 'टू', कुठे 'फॉर'. सरसकट पाठच करायचं का?

*

बोरू_आणि_टाक :

पूर्ण पाठांतर नको. थोडी संगती आहे. सर्वसाधारण प्रेपोझिशन 'ऑफ'. क्रियापदामुळे कर्मावर थेट काही घडत असेल तर बहुतेक वेळा तेच येतं : 'डिस्ट्रक्शन ऑफ द सिटी', 'ट्रान्सलेशन ऑफ द पोएम'. हवंसं वाटणं, मागणं, शोधणं या अर्थाची नामं 'फॉर' घेतात : डिमांड, रिक्वेस्ट, नीड, डिझायर. एखाद्या गोष्टीपर्यंत पोचणं असेल तर 'टू' : व्हिजिट, आन्सर, अ‍ॅक्सेस, सोल्यूशन. वरून पडणारा दाब किंवा आघात असेल तर 'ऑन' : अ‍ॅटॅक, इम्पॅक्ट, एम्फसिस.

अपवाद आहेतच. 'आन्सर द लेटर' म्हणतात, पण त्याच अर्थाच्या 'रिप्लाय'ला क्रियापद असतानाही 'टू' लागतं : 'रिप्लाय टू द लेटर'. 'डिपेंड' आणि 'इन्सिस्ट' क्रियापद असतानाच 'ऑन' घेतात आणि नाम झाल्यावरही तेच ठेवतात.

'सर्च' या शब्दाकडे जरा थांबून बघा. 'सर्च द रूम' म्हणजे खोलीची झडती घेणं. किल्ली शोधायची असेल तर 'सर्च फॉर द की'. 'सर्च द की' म्हटलं तर किल्लीचीच झडती होते! नामातही हा भेद टिकतो : 'द सर्च ऑफ द रूम' आणि 'द सर्च फॉर द की'. मराठीत आपण 'खोली शोधली' आणि 'किल्ली शोधली' एकाच घडणीत बोलतो, म्हणून हा फरक चटकन लक्षात येत नाही.

*

खडूफळा :

उत्तम विषय. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून उच्चाराची बाजू मांडतो.

दोन अक्षरांचे (इथे अक्षर म्हणजे सिलॅबल, एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) कितीतरी शब्द नाम असताना पहिल्या अक्षरावर आघात म्हणजे जोर घेतात आणि क्रियापद झाले की दुसऱ्यावर. आघात सरकला की स्वरही बदलतो, आणि देवनागरीत तो नीट दाखवता येतो. नाम 'रेकॉर्ड', क्रियापद 'रिकॉर्ड'. नाम 'प्रेझंट', क्रियापद 'प्रिझेंट'. नाम 'ऑब्जेक्ट', क्रियापद 'अब्जेक्ट'. नाम 'कॉन्डक्ट', क्रियापद 'कन्डक्ट'. 'परमिट', 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'इन्सल्ट' यांत स्वर फारसा हलत नाही, फक्त जोर सरकतो.

ही जोडगोळी पूर्वी फार छोटी होती. १५७० च्या सुमारास असे तीनच शब्द नोंदलेले सापडतात : आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. १९३४ पर्यंत ही संख्या दीडशेच्या घरात गेली. म्हणजे ही रीत जुनी होऊन मरत नव्हती, उलट एकेक नवा शब्द त्या रांगेत येऊन उभा राहत होता. 'रिसर्च' आणि 'अ‍ॅड्रेस' या शब्दांत आजही दोन्ही उच्चार ऐकू येतात. अमेरिकी माणूस पत्ता या अर्थी 'अ‍ॅड्रेस' म्हणताना बऱ्याचदा पहिल्या अक्षरावर जोर देतो, ब्रिटिश माणूस दुसऱ्यावरच देतो.

'-एट' ने संपणारे शब्दही बघा. वकील या अर्थी नाम 'अ‍ॅडव्होकट', शेवटचा स्वर गिळलेला. पुरस्कार करणे या अर्थी क्रियापद 'अ‍ॅडव्होकेट', स्वर पूर्ण. तसंच एस्टिमट-एस्टिमेट, डेलिगट-डेलिगेट, ग्रॅजुअट-ग्रॅजुएट.

बोरूताई म्हणतात त्या 'करणे'चा परिणाम इथेही ऐकू येतो. 'गाणं रेकॉर्ड केलं' म्हणताना आपण नामाचाच उच्चार करतो. मराठीत ते बरोबरच आहे. पण तो उच्चार कानात इतका मुरतो की इंग्रजी बोलतानाही क्रियापदाला नामाचा आघात बसतो.

*

उंबरठा :

खडूफळा सर, सुंदर माहिती. पण मग 'रिपोर्ट', 'कंट्रोल', 'रिस्पेक्ट', 'मिस्टेक' यांचं काय? माझा मुलगा आता शिकलेला नियम सगळीकडे लावत सुटला आहे आणि नाम म्हणून 'रीपोर्ट' असं पहिल्या अक्षरावर जोर देऊन बोलतोय.

*

खडूफळा :

त्याला सांगा, हे शब्द रांगेत आलेलेच नाहीत. 'रिपोर्ट', 'कंट्रोल', 'रिस्पेक्ट', 'रिग्रेट', 'मिस्टेक' नाम असोत वा क्रियापद, जोर दुसऱ्यावरच. उलट 'आन्सर', 'प्रॉमिस', 'व्हिजिट', 'कम्फर्ट', 'ट्रॅव्हल' दोन्हीकडे पहिल्यावर. नियम एकाच दिशेने वापरावा : आघात वेगळे असतील तर नामाचा पुढे आणि क्रियापदाचा मागे असतो, याच्या उलट जोडी भेटत नाही. पण आघात वेगळे असायलाच हवेत असं नाही. मुलगा कानाने नियम शोधतोय ही फार चांगली खूण आहे, त्याला थांबवू नका.

*

आडवाटेने :

इतिहासाची आवड म्हणून भर घालतो. 'अ‍ॅडव्हाइस-अ‍ॅडव्हाइझ', 'यूस-यूझ', 'हाउस-हाउझ' या जोड्यांत नामाच्या शेवटी 'स' आणि क्रियापदाच्या शेवटी 'झ' येतो. 'बिलीफ-बिलीव्ह', 'प्रूफ-प्रूव्ह', 'हाफ-हाव्ह', 'शेल्फ-शेल्व्ह' इथे 'फ'चा 'व्ह' होतो. 'ब्रेथ-ब्रीद', 'बाथ-बेद', 'क्लॉथ-क्लोद' इथे 'थ'चा 'द'कडे झुकणारा घोष, म्हणजे घशात कंप होऊन निघणारा, उच्चार होतो. सगळीकडे दिशा एकच : नाम अघोष (कंप नसलेलं), क्रियापद घोष.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाला प्रत्यय असायचा. घर म्हणजे 'हूस' आणि आसरा देणे म्हणजे 'हूसिअन'. स, फ, थ हे ध्वनी दोन स्वरांच्या मध्ये आले की घोष व्हायचे. क्रियापदात प्रत्ययामुळे ते स्वरांच्या मध्ये यायचे, नामात शेवटी उघडे राहायचे. पुढे प्रत्यय झिजून गेला, पण त्याने घडवलेला बदल मागे राहिला. 'वाइफ'चं अनेकवचन 'वाइव्ह्ज' आणि 'नाइफ'चं 'नाइव्ह्ज' होण्याचं कारणही हेच, तिथेही अनेकवचनाच्या प्रत्ययात एक स्वर होता. 'अ‍ॅडव्हाइस' हा शब्द फ्रेंचमधून आलेला, पण आल्यावर त्यानेही इथली रीत उचलली.

'फूड-फीड' आणि 'ब्लड-ब्लीड' ही त्याहून जुनी गोष्ट. नामाला 'य'चा उच्चार असलेला प्रत्यय लावून क्रियापद घडवायचे. त्या 'य'ने आधीच्या अक्षरातला 'ऊ-ओ' जिभेच्या पुढच्या भागाकडे ओढला. 'फुट'चं 'फीट' आणि 'टूथ'चं 'टीथ' झालं ते याच ओढीने. 'टेल' म्हणजे गोष्ट आणि 'टेल' म्हणजे सांगणे, 'सेल' म्हणजे विक्री आणि 'सेल' म्हणजे विकणे, या जोड्याही त्याच घरातल्या. देवनागरीत सारख्या दिसल्या तरी नामातला 'ए' लांब आहे आणि क्रियापदातला आखूड.

*

चांदणवेल :

म्हणजे 'टीथ' आणि 'फीड' एकाच कारणाने! शाळेत दोन वेगळ्या तक्त्यांत पाठ केलं होतं. असं कुणी सांगितलं असतं तर पाठ करावंच लागलं नसतं.

*

शून्यएक :

स्पेलिंगचं विचारतो. 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' कुठे 'सी' ने लिहायचं आणि कुठे 'एस' ने? ऑफिसात यावर रोज वाद होतो.

*

बोरू_आणि_टाक :

ब्रिटिश पद्धतीत नाम 'सी' ने, क्रियापद 'एस' ने. अमेरिकी पद्धतीत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी' ने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस' ने. ब्रिटिश पद्धत लक्षात ठेवायला 'अ‍ॅडव्हाइस-अ‍ॅडव्हाइझ' ही जोडी आठवा. तिथे फरक कानाला कळतो, तोच क्रम इथे लावायचा. एका दस्तऐवजात दोन पद्धतींची सरमिसळ करू नका, एवढंच.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'बद्दल कुणी विचारायच्या आत : बहुतेक वेळा 'अफेक्ट' क्रियापद (परिणाम करणे) आणि 'इफेक्ट' नाम (परिणाम). पण 'इफेक्ट' क्रियापदही होतं, तेव्हा अर्थ 'घडवून आणणे'. 'इफेक्ट अ चेंज' बरोबर आहे, ते सुधारायला जाऊ नका. मानसशास्त्रात भावस्थिती या अर्थी 'अफेक्ट' नामही आहे, आणि खडूफळा सरांच्या नियमाप्रमाणे त्याचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो.

*

करडी_शाई :

चर्चा चांगली चालली आहे, पण माझा मुद्दा जरा वेगळा आहे. कोणत्याही नामाचं क्रियापद करायची जी लाट आली आहे ती मला अजिबात पटत नाही. 'टू गूगल', 'टू इम्पॅक्ट', 'टू टेक्स्ट', 'टू अ‍ॅक्शन'. ही भाषेची शिस्त मोडणं आहे. 'हॅव अ‍ॅन इम्पॅक्ट ऑन' म्हणायला काय हरकत आहे? व्याकरणात नाम आणि क्रियापद असे वेगळे कप्पे आहेत ते कशासाठी?

*

आडवाटेने :

करडी_शाई, तुमची कळकळ समजते, पण ही लाट नाही, इंग्रजीचा जुना प्रवाह आहे.

जुन्या इंग्रजीत प्रेम हे नाम 'लुव्हू' आणि प्रेम करणे 'लुव्हिअन'. दोन्हींचे शेवट वेगळे होते. साधारण ११०० ते १५०० या काळात हे शेवटचे उच्चार झिजत गेले आणि दोन्हींचा 'लव्ह' झाला. एकदा अशा शेकडो जोड्या एकरूप झाल्यावर बोलणाऱ्यांच्या मनात रीत बसली की नाम उचलून क्रियापदाच्या जागी ठेवलं की काम होतं. तेव्हापासून हे सुरू आहे. शरीराचे अवयवच घ्या. हेड, फेस, आय, नोज, शोल्डर, एल्बो, हँड, थंब, बॅक, फुट, सगळ्यांची क्रियापदं आहेत. 'शोल्डर द ब्लेम', 'फेस द फॅक्ट्स' यांना आज कुणी शिस्तभंग म्हणत नाही.

तक्रारही जुनीच आहे. डिसेंबर १७८९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी शब्दकोशकार नोआ वेबस्टर यांना पत्र लिहून 'नोटिस', 'अ‍ॅडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' ही क्रियापदं म्हणून वापरली जातात याबद्दल नाराजी कळवली होती. आज ही तिन्ही क्रियापदं आपण बिनदिक्कत लिहितो. आणि 'इम्पॅक्ट'मध्ये तर क्रियापद आधीचं आहे. ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, घट्ट दाबून बसवणे या अर्थाने आलं. नाम अठराव्या शतकातलं. 'डक'ही तसाच : पाण्यात बुडी मारणे हे क्रियापद जुनं, पक्ष्याला नाव त्यावरून पडलं.

'गूगल' हे क्रियापद २००६ मध्ये मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत आलं. तोवर लोक ते कित्येक वर्षं वापरत होते.

*

करडी_शाई :

'इम्पॅक्ट'ची माहिती नवीन आहे, धन्यवाद. पण माझा आक्षेप निव्वळ जुन्या-नव्याचा नाही. 'अ‍ॅक्शन धिस' म्हटलं की नेमकं काय करायचं ते कळत नाही. उत्तर द्यायचं, मंजूर करायचं की पुढे पाठवायचं? नेमकं क्रियापद हाताशी असताना मोघम नाम राबवायचं, हे मला खुपतं.

*

बोरू_आणि_टाक :

या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. नामाचं क्रियापद केलं की अर्थ कधी कधी संदर्भावर सोडावा लागतो. 'डस्ट' बघा. 'डस्ट द शेल्फ' म्हणजे धूळ काढणं, 'डस्ट द केक विथ शुगर' म्हणजे वर भुरभुरवणं. 'बटर' म्हणजे लोणी लावणं, पण 'मिल्क' म्हणजे दूध काढणं. 'सीड' म्हणजे बी पेरणंही आणि बी काढणंही. हे शब्द रुळलेले आहेत म्हणून ऐकणारा अडखळत नाही. 'अ‍ॅक्शन'ला तसा एक ठरलेला अर्थ अजून मिळालेला नाही, म्हणून मीही ते तपासताना बदलते.

उलट दिशेची तक्रार मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या अहवालांत क्रियापदं मारून त्यांची नामं करायची भयंकर सवय आहे. 'द कमिटी डिसायडेड' एवढं पुरेसं असताना 'अ डिसिजन वॉज टेकन बाय द कमिटी'. 'वी एक्झॅमिन्ड द डेटा' च्या जागी 'अ‍ॅन एक्झॅमिनेशन ऑफ द डेटा वॉज कॅरीड आउट'. कोणी केलं तेही हरवतं आणि वाक्य दुप्पट होतं. इथेही 'करणे' डोकावतं : 'तपासणी करण्यात आली'. मराठी सरकारी भाषेचा तोच साचा इंग्रजीत उतरतो. क्रिया महत्त्वाची असेल तर क्रियापदच वापरा, हे मी प्रत्येक लेखकाला तळमळीने सांगते.

*

शून्यएक :

आमच्या क्षेत्रातली एक जोडी : 'लॉगिन'. बटणावर लिहिलेलं असतं, म्हणून सगळे 'प्लीज लॉगिन टू द सिस्टिम' लिहितात. क्रियापद 'लॉग इन' असं दोन शब्दांत हवं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे भूतकाळ करून बघा. 'लॉगिन्ड' होत नाही, 'लॉग्ड इन' होतं. म्हणजे क्रियापदात 'लॉग' वेगळा आहे. सेट अप-सेटअप, बॅक अप-बॅकअप, चेक आउट-चेकआउट, वर्क आउट-वर्कआउट, सगळ्यांना हेच लागू. जोडून लिहिलं की नाम, तोडून लिहिलं की क्रियापद.

*

खडूफळा :

शून्यएक, छान दाखवलंत. बोलतानाही हा फरक आहे : क्रियापदात जोर 'अप', 'आउट'वर, नामात पहिल्या भागावर. रेकॉर्डचाच न्याय.

यातली एक गंमतीची बाब म्हणजे जुन्या नामांत शब्दांची अदलाबदल झालेली दिसते. 'कम इन' वरून 'इनकम', 'ब्रेक आउट' वरून 'आउटब्रेक', 'टेक इन' वरून 'इनटेक', 'कीप अप' वरून 'अपकीप'. मग त्याच तुकड्यांची दोन नामं होतात आणि अर्थ दूर जातात. 'लेआउट' म्हणजे मांडणी, 'आउटले' म्हणजे खर्च. 'आउटलुक' म्हणजे दृष्टिकोन, 'लुकआउट' म्हणजे पहारा. 'सेटअप' आणि 'अपसेट' यांचा तर आज काही संबंध उरलेला नाही.

*

चांदणवेल :

आणि प्रत्ययांचं काय? 'अराइव्ह'चं 'अरायव्हल', 'इम्प्रूव्ह'चं 'इम्प्रूव्हमेंट', 'डिस्कव्हर'चं 'डिस्कव्हरी'. कोणत्या क्रियापदाला कोणता प्रत्यय?

*

बोरू_आणि_टाक :

इथे खरंच शब्दागणिक शिकावं लागतं. शिवाय एकाच क्रियापदाला दोन-तीन प्रत्यय लागले की भाषा त्यांना वेगवेगळी कामं वाटून देते. 'कमिट' घ्या. 'कमिटमेंट' म्हणजे बांधिलकी, 'कमिशन ऑफ अ क्राइम' म्हणजे गुन्हा करणं, 'कमिटल' म्हणजे कुणाला तुरुंगात किंवा रुग्णालयात रवाना करण्याचा हुकूम. 'अ‍ॅडमिशन' म्हणजे प्रवेश आणि कबुलीही, पण 'अ‍ॅडमिटन्स' म्हणजे फक्त आत पाऊल टाकण्याची मुभा.

कधी नाम आधी येतं आणि क्रियापद त्यातून कापून काढतात. 'एडिटर' हा शब्द आधीचा, 'एडिट' त्याचं शेपूट तोडून केलेलं. 'बर्गलर' वरून 'बर्गल', 'टेलिव्हिजन' वरून 'टेलिव्हाइझ', 'बेबीसिटर' वरून 'बेबीसिट' तसेच. आज कुणालाही वाटेल की 'एडिट' मूळ आणि 'एडिटर' त्यावरून.

*

पाऊलखूण :

इतके दिवस नुसती वाचत होते. मराठीतही हे आहेच ना? राग-रागावणे, हात-हाताळणे, लाथ-लाथाडणे, पाणी-पाणावणे. आणि उलटही : धावणे-धाव, वाढणे-वाढ, समजणे-समज. फक्त आपल्याकडे '-णे', '-तो', '-ला' लागतात म्हणून चटकन ओळख पटते.

*

आडवाटेने :

पाऊलखूण, अगदी बरोबर, आणि एका जागी मराठीही इंग्रजीसारखी वागते. 'खेळ संपला' आणि 'तू खेळ'. 'नाच रंगला' आणि 'तू नाच'. आज्ञार्थात प्रत्यय नसतो, म्हणून रूप तेच राहतं आणि आपण जागेवरून ओळखतो. इंग्रजीत ही स्थिती जवळजवळ सगळ्या वाक्यांत असते.

शिवाय इंग्रजीत उरलेला एक प्रत्ययही दुहेरी आहे. नामाला 'एस' लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन : 'द डॉग बार्क्स', 'द डॉग्ज बार्क'. २००९ मध्ये एका बातमीचं शीर्षक असं काही छापलं गेलं : 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जाल क्रॅश ब्लॉसम्स'. 'जाल' म्हणजे जपान एअरलाइन्स. १९८५ च्या जपानी विमान अपघाताशी जिचं नातं होतं ती व्हायोलिनवादक आता बहरते आहे, असा अर्थ. 'ब्लॉसम्स' क्रियापद होतं, पण वाचणाऱ्यांना ते नाम वाटलं आणि 'क्रॅश ब्लॉसम्स' ही काय वस्तू असा प्रश्न पडला. तेव्हापासून अशा दुहेरी शीर्षकांनाच 'क्रॅश ब्लॉसम' म्हणू लागले.

हे वाक्यही एकदा वाचून बघा : 'द ओल्ड मॅन द बोट.' पूर्ण आणि शुद्ध आहे. 'द ओल्ड' म्हणजे वृद्ध लोक, हे नाम. 'मॅन' म्हणजे चालवणे, हे क्रियापद.

*

उंबरठा :

शेवटचं वाक्य मुलाला दिलं. आधी 'हे अर्धवट आहे' म्हणाला, मग दहा मिनिटांनी ओरडत आला! त्याचाच पुढचा प्रश्न : '-इंग' लागलेला शब्द नाम की क्रियापद? शाळेत दोन्ही सांगतात म्हणे. आणि 'टू' नंतर नेहमी क्रियापदच येतं ना, मग 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' का?

*

बोरू_आणि_टाक :

शाळा बरोबर सांगते. '-इंग'वाला शब्द दोन्हीकडे पाय ठेवून उभा असतो, त्याच्या सोबत्यांवरून ओळखायचं. 'हर क्विक रीडिंग ऑफ द लेटर' : इथे आधी विशेषण, नंतर 'ऑफ', म्हणजे 'रीडिंग' पूर्ण नामासारखं वागतंय. 'रीडिंग द लेटर क्विकली टुक एफर्ट' : इथे 'द लेटर' हे थेट कर्म आणि 'क्विकली' हे क्रियाविशेषण, म्हणजे आतून ते क्रियापद आहे, आणि तरीही 'रीडिंग द लेटर क्विकली' हा सगळा तुकडा मिळून वाक्यात नामाच्या जागी, कर्ता म्हणून बसलाय. दोन्हींची खिचडी मात्र करायची नाही. 'द क्विकली रीडिंग ऑफ द लेटर' हे चूक.

'टू'चं असं आहे की इंग्रजीत दोन 'टू' आहेत. एक क्रियापदाच्या आधी येणारा : 'आय वाँट टू मीट यू'. दुसरा प्रेपोझिशन, त्याच्यापुढे नामच हवं. ओळखायला त्याच्यापुढे 'इट' ठेवून बघायला सांगा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' बसतं, म्हणजे ही नामाची जागा, म्हणून 'मीटिंग'. 'आय वाँट टू इट' बसत नाही, म्हणून 'मीट'. 'यूझ्ड टू'मध्ये दोन्ही सापडतील : 'आय अ‍ॅम यूझ्ड टू इट' बसतं, म्हणून 'आय अ‍ॅम यूझ्ड टू वेकिंग अर्ली'. 'आय यूझ्ड टू इट' बसत नाही, म्हणून 'आय यूझ्ड टू वेक अर्ली'. पहिल्याचा अर्थ लवकर उठायची सवय आहे, दुसऱ्याचा पूर्वी लवकर उठायचो.

त्याला 'ऑब्जेक्ट टू' आणि 'अ‍ॅग्री टू' या दोघांवर ही युक्ती लावून बघू दे. पहिल्याला 'इट' लगेच बसेल आणि पुढे '-इंग' येईल. दुसऱ्याला 'इट'ही बसेल आणि थेट क्रियापदही : 'आय अ‍ॅग्री टू इट', 'आय अ‍ॅग्री टू कम'. तिथे काय घडतंय ते त्याने शोधून इथे लिहिलं तर मला फार आवडेल.